टाक्यांचं पान

आमच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या जुन्या मशीनला काही विचारायचं असेल, तर काळ्या पडद्यावर ‘मॅन’ टाइप करून पुढे प्रोग्रॅमचं नाव द्यायचं. त्याचं माहितीपान उघडतं. वाचून झालं की क्यू दाबून बाहेर. टाक्यांच्या झडपा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं पान मास्तरांनी लिहिलं होतं. शिक्षक ते कधीच नव्हते. काहीही विचारलं की ‘आधी पान वाच’ म्हणत, म्हणून मास्तर. पान चांगलं आठ पडदे लांब. पण असली पानं शेवटपर्यंत वाचतं कोण? उदाहरण पहिल्याच पडद्यावर असतं, ते उचलायचं आणि कामाला लागायचं.

सहा वर्षांपूर्वी मी तेच उदाहरण टाइप केलं आणि मोठी टाकी रिकामी झाली. अर्धं शहर दिवसभर कोरडं. मी नेहमीचीच आज्ञा दिली होती, असं चौकशी समितीपुढे घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले. मास्तर शेजारी खाली मान घालून बसले होते, तोंडातून चकार शब्द नाही. ठपका माझ्यावर आला, बढती गेली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आठवड्याने ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. टाक्यांचं पान सुधारलंय, वाच, म्हणाले. मी उघडलं. पहिला पडदा जसाच्या तसा होता. क्यू दाबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “वाचलंस?”

“वाचलं.”

“काही म्हणायचंय?”

“त्यात काय म्हणायचं?”

मान हलवून ते जागेवर गेले.

त्यानंतर पाच वर्षं त्या बिनखिडकीच्या खोलीत आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो. कामाचं असेल ते चिठ्ठीवर. ते निवृत्त झाले त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. गेल्या महिन्यात ते वारले. मला सूचनाफलकावरून कळलं. आता खोलीत मी आणि मशीनचा पंखा. अबोला धरायलासुद्धा कोणी नाही, आणि ते मला फार जड जातं.

आज दुपारी मशीन कायमचं बंद करायचं होतं. नव्या यंत्रणेचा माणूस पंपघरातून फोनवर होता. आधी झडपा की आधी पंप, ते पानात बघा म्हणाला. पहिल्यांदाच मी पान खालपर्यंत नेलं. क्रम सापडला. त्याखाली मथळा होता, ‘ज्ञात दोष’.

‘टाकी रिकामी झाली त्याच्या आदल्या दिवशी झडपांचे क्रमांक मी बदलले आणि पानात नोंदवायचे राहिले. आता पूर्ववत केले आहेत. चूक माझी, बाईंची नाही. समितीपुढे बोलायला जीभ रेटली नाही. हे वाचून ती एक शब्द जरी बोलली, तरी वर जाऊन सगळं कबूल करीन.’

खाली दुसऱ्या दिवशीची तारीख घालून आणखी एक ओळ होती.

‘तिने वाचलं. काही म्हणाली नाही. तिचं बरोबर आहे.’

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. फोनमधला माणूस दोनदा हॅलो हॅलो म्हणाला.

“बाई, पान वाचलंत का?”

“वाचलं,” मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं.