पितळी बोकड

"ती ज्योत बंद कर, डेकिन," एनक ट्रँटर म्हणाला. "पाणी उतरतंय पत्र्याचं."

फोरमन डेकिनने मान वर केली नाही. चिलखती गाडीच्या पुढच्या पोलादी पत्र्यावर तो गॅसची ज्योत फिरवत राहिला. शेजारी कॅप्टन ॲस्टेल हातमोजे झुलवत उभे होते आणि त्यांच्या नोकराच्या हातात मखमलीत गुंडाळलेला पितळी बोकड होता. ॲस्टेल घराण्याचं हे मानचिन्ह. चारशे वर्षांत या घराण्याने ससे मारण्यापलीकडे काय केलं होतं, कोण जाणे. पण ही गाडी कॅप्टनच्या वडिलांनी सैन्याला भेट दिली होती, त्यामुळे बोकड तिच्या छाताडावर बसणार हे ठरलेलंच होतं.

अडचण एवढीच की बोकड बसवायला भोकं हवी होती आणि पत्रा तर पाणी देऊन कडक केलेला होता. तसल्या पोलादात भोक पडत नाही, बरमाच मोडतो. म्हणून भोकं आधी पाडायची, मग पत्रा लाल करून तेलात बुडवायचा, मग खाणीत नेऊन पन्नास पावलांवरून त्यावर रायफलची गोळी झाडायची, असा या कारखान्याचा शिरस्ता होता. गोळी बसली की एनक मागून तळहात फिरवून बघे. फुगवटा लागला नाही तरच पत्रा गाडीवर चढे. तीस वर्षं बॉयलर बांधलेला हा माणूस लढाई सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत हे सगळं शिकला होता. तेवढ्या काळात कॅप्टनसाहेब मिशी वाढवायला शिकले होते.

"पाणी उतरलं म्हणजे नेमकं काय होतं?" कॅप्टननी डेकिनला विचारलं. एनक तिथे उभाच नव्हता जणू.

"नरम पडतो साहेब, थोडासा. अगदी थोडासा." डेकिनची मान देवाने हो म्हणण्यासाठीच बनवली होती.

"थोडासा कसला?" एनक म्हणाला. "जेवणाच्या ताटाएवढा भाग बिस्किटाच्या डब्यागत होणार. आणि त्याच्या बरोब्बर मागे ड्रायव्हरची छाती येते."

"शत्रू काय मुद्दाम माझ्या बोकडावर नेम धरणार आहे?"

"पितळ चकाकतं, साहेब. मी जर्मन असतो तर त्याच्यावरच धरला असता."

दारात वॉल्टर प्यू उभ्याउभ्या पाव खात होता. तीन वर्षं त्याने बर्मिंगहॅममध्ये बस हाकली होती. गुरुवारी ही गाडी बंदरावर न्यायची आणि पुढे फ्रान्समध्ये चालवायची ती त्यानेच. त्याने घास चावायचा थांबवला. पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी जनरलसाहेब पाहणीला आले. ज्योतीने पत्र्यावर उठलेले निळेजांभळे डाग करड्या रंगाखाली गडप झाले होते आणि बोकड लख्ख घासलेला होता.

"पत्रे सगळे तपासलेत ना?"

"सगळे, सर," कॅप्टन म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही. तेवढं मात्र घराण्याने त्यांना उत्तम शिकवलं होतं.

"पुढचा नाही तपासला," रांगेतून एनक म्हणाला. "भोकं पाडताना नरम केलाय त्याला. झाडून बघा एक गोळी. कॅप्टनसाहेबांचा एवढा भरवसा असेल तर त्यांनी आत बसावं."

डेकिनचा चेहरा पांढराफटक पडला. जनरलना मात्र कल्पना पसंत पडलेली दिसली. "बसू नका कुणी. पण मारा की एक गोळी, काय हरकत आहे?"

"सर, घराण्याच्या चिन्हावर?" कॅप्टन म्हणाले. "या कामगारांच्या देखत?"

जनरलनी क्षणभर विचार केला. "हं. तेही दिसायला बरं नाही," असं म्हणून ते जेवायला निघाले. माणसाचा जीव आणि बोकडाची अब्रू यांचा निकाल इतक्या चटकन लागला. दहा मिनिटांत डेकिनने एनकला हत्यारं उचलून घरी जायला सांगितलं.

एनक घरी गेला नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो गाडीत शिरला आणि त्याने पुढच्या पत्र्यावर आतून खडूने एक गोल काढला.

"एवढं गेलंय, वॉल्टर. याच्या मागे राहू नकोस."

"पण मिस्त्री, चाक बरोब्बर याच्याच मागे आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग हाकू कशी?"

"डावीकडे सरक. हात लांब कर."

वॉल्टर हसला. "बसमध्ये शेजारी म्हाताऱ्या टोपल्या घेऊन बसायच्या, तेव्हा असाच हाकायचो." मग त्याचं हसू गेलं. "माझ्या बायकोला यातलं बोलू नका हं, मिस्त्री."

"नाही बोलत," एनक म्हणाला. तो खाली उतरला.

फाटकाशी बँड वाजला. कॅप्टनना बंदरापर्यंत आगगाडीने, पहिल्या वर्गातून जायचं होतं, म्हणून ते पायरीवर सलामी द्यायला उभे राहिले. चिलखती गाडी बाहेर पडली. पुढच्या फटीतून वॉल्टरचा एक कान आणि एक डोळा तेवढा दिसत होता. अर्धं ढुंगण सीटबाहेर, मान मोडल्यासारखी कलती, हात चाकापर्यंत ताणलेले.

"त्याला कुणीतरी सैनिकासारखं ताठ बसायला सांगा," कॅप्टन म्हणाले.

डेकिन सांगायला धावला. गाडीच्या आवाजात वॉल्टरला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. एनक रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभा होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत वॉल्टर तसाच वाकडा बसून होता.