चार बोटांची जागा

या मित्रांनो, या. बसा माज्यावर, पन मागं रेलू नका एकदम, मला पाठ न्हाई. पाठ कुठं गेली म्हनता? तीच तर गोष्ट सांगायचीय. सहादेवची कढई तापूस्तवर सांगून हुतीय. ऐका.

मी एक जुना लोखंडी बाक हाय. पन जन्माचा बाक न्हाई. आधी मी खाट हुतो, पलटनीतली. जवान माज्यावर झोपायचे, बदली झाली की मला उचलून ट्रकात टाकायचे. लई मुलूख बघितला. मग माजी जाळी फाटली, एका साहेबानं माज्यावर पांढरी फुली मारली, आन् भिंगारच्या लिलावात मी भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो.

तितनं मला सहादेवनं उचललं. हा सहादेव मूळचा पाथर्डीकडचा, लष्कराच्या कॅम्पातल्या एका मेसवर आचारी हुता. तितं दार्जिलिंगकडचा एक जवान आला हुता, त्यानं ह्याला नूडल्स करायला शिकवलं, वाफेवरचे मोमो शिकवले. नव्वद साल नुकतंच सरलं हुतं, नगरात चायनीजच्या गाड्या नुकत्या लागत हुत्या. सहादेवनं नोकरी सोडली आन् भिंगारच्या रस्त्याला, ह्या कडूलिंबाखाली गाडी लावली. गाडीवर ड्रॅगन काडून घेतला. पेंटरनं ड्रॅगन कधी बघितला न्हवता, त्यानं घोरपड काडली आन् तिच्या तोंडातनं जाळ सोडला.

गिऱ्हाइकाला बसायला मी. पुंजाराम वेल्डरनं मला कापलं, जोडलं, चांगली सरळ पाठ दिली आन् लाल रंग मारला. लई मिरवलो मी. संध्याकाळी जवान यायचे, कॉलेजची पोरं यायची. शेंगा विकनारी बनुबाई पहिल्या दिवशी माज्यावर बसली आन् ताटलीत बोट घालून म्हनली, "सादेवा, मेल्या, ही गांडुळं कुठनं खनून आनली?"

"मावशी, मैद्याची हायेत. खाऊन तर बघा."

"वळवळली तर तुज्या तोंडावर फेकीन." आन् मग सगळी ताटली पुसून खाल्ली. वर म्हनली, "उद्या आनखी थोडी गांडुळं घाल."

असं बरं चाललं हुतं. पन पहिल्याच आठवड्यात एक स्टूल चोरीला गेलं. सहादेव राती गाडी ढकलत घरी न्यायचा, मला कुठं नेनार? त्यानं लिलावातलीच एक जाड साखळी आनली. माजी पाठ झाडाला लावली, पाठीच्या पट्ट्यांतनं साखळी ओवून दोन येढे बुंध्याला मारले, बुंध्यावर पाय देऊन ट्रकावरचं ओझं आवळत्यात तशी आवळली आन् कुलूप घातलं.

त्याची बायको लंकाबाई कोबी चिरत बसली हुती. ती म्हनली, "अवो, एवढी आवळू नका. आमच्याकडं वासराला दावं बांधताना गळ्यात चार बोटं घालून बघत्यात. वासरू वाढतं, दावं वाढत न्हाई."

"लंके, हे झाड हाय, वासरू न्हाई. सैल सोडली तर चोर काडून नेतील."

ती पुन्हा कोबी चिरायला लागली. सहादेव तसा वाईट न्हवता मित्रांनो. त्याला झाड म्हंजी खुंटा वाटला, एवढंच.

तवापासनं मी अडकलो. ट्रकातनं मुलूख फिरनारा मी, आता माज्यापुढं गाडीचं एक चाक, समोरची भिंत आन् पाथर्डीला जानाऱ्या एस्ट्या. उन्हाळ्यात एकच अंग तापायचं, पावसात एकच कड गंजायची. गिऱ्हाईक उठायचं, हात धुवून आपल्या वाटंनं जायचं. मी तितंच.

वर्सातनं एकदा कॅम्पाची मान्सं यायची आन् रस्त्याकडंच्या सगळ्या झाडांना खाली गेरू आन् वर चुना लावून जायची. त्यांनी साखळीवरनंबी गेरू फिरवला, कुलपावरनंबी. पुढच्या साली आनखी एक थर, असे पंधरा-वीस थर बसले. कुलूप गंजून गोळा झालं. साखळी कुठली आन् साल कुठली, काय कळंना. सहादेव म्हनायचा, "बघ लंके, कसं नवरदेवासारखं सजवलंय."

पन मला कळत हुतं. झाड जाड होत हुतं. आधी ते माज्या पाठीला टेकलं, मग रेटायला लागलं, मग साल दोन्ही बाजूंनी ओठावानी पुढं आली आन् माजी पाठ आत घेतली. साखळीबी गेली आत. मला झाडानं धरलं हुतं, आन् माज्या साखळीनं झाडाला धरलं हुतं. दोघांनाबी सुटता येईना, वरडताबी येईना.

मग एका पावसाळ्यात झाडाची रस्त्याकडची बाजू वाळली. दसऱ्यापर्यंत निम्मं झाड बोडकं.

आन् तवाच रस्ता रुंद करायचं निघालं. थंडीत एक ओव्हरसियर टेप घेऊन आला. झाडाकडं बघून म्हनला, "हे वाळलंय. पाडावं लागंल. झाड गेलं की रस्ता इथनं सरळ जाईल, मग तुमाला गाडी लावायला जागा न्हाई."

सहादेव झारा घेऊनच पुढं आला. "वाळलं न्हाई साहेब. रुसलंय जरा."

"रुसलं असंल तर समजूत काडा. चैतात येतो मी. पालवी फुटली तर रस्त्याला वळसा देऊ. न्हाई फुटली तर कुऱ्हाड."

त्या दिवसापासनं सहादेव जेवंना नीट. ह्या एका गाडीसाठी त्यानं नोकरी सोडली हुती. त्याला वाटलं, नूडल्सचं गरम पानी मुळात वततो म्हनून झाड वाळलं. त्यानं पानी लांब नेऊन वतलं. शेनखत घातलं, आळं केलं. काय उपेग न्हाई.

एका दुपारी लंकाबाई आली आन् माज्यावर बसून झाडाला हात लावून बघायला लागली, आजारी जनावराच्या मानंवरनं फिरवत्यात तसा. हात फिरवता फिरवता थांबला. गेरूच्या खाली तिला एक खोल वळ लागला. तिनं नखानं गेरू उकरला, तर आत लोखंड.

"अवो! हिकडं या आधी! ह्याच्या गळ्यात दावं रुतलंय!"

सहादेवनं बोट घालून बघितलं. चार सोडा, एकबी बोट जाईना. तो नखांनी गेरू उकरत बुंध्याभोवती फिरला, सगळीकडं तसंच.

पुंजारामला बोलावलं. तो म्हनला, "गॅसनं कापलं तर झाड भाजंल. छन्नीनं, आरीपात्यानं करावं लागंल. आन् वहिनी, साखळी ह्या बाकड्याच्या पाठीमागनं गेलीय. पाठ कापल्याबिगर हात जात न्हाई."

सहादेव म्हनला, "पाठ कापली तर बाकड्याचं काय ऱ्हायलं? गिऱ्हाईक बसंल कुठं?"

"आन् झाड गेलं तर गाडी उभी कुठं ऱ्हाईल?" लंकाबाई म्हनली. "कापा भावजी."

ज्यानं मला पाठ दिली त्यानंच ती कापली. दिवसभर पातं चालू हुतं, कर्रकर्र, कर्रकर्र. मधल्या पट्ट्या निघाल्या, झाडात गेलेली कड न्हाई निघाली. मग छन्नीनं साल हळूच उकलून जागोजागी कड्या तोडल्या. शेवटची कडी टण्णदिशी तुटली. मी पुढं तोंडावर पडलो, आन् झाडातनं वरपर्यंत काय तरी सळसळलं. जखमंला लंकाबाईनं शेन-माती लिंपली. आन् मी? इतक्या वर्सांनी सुटलो, पन जानार कुठं? एस्टी काय माज्यासाठी थांबनार हुती?

मग नुसती वाट बघनं. माघात उरलीसुरली पानं गळली. कडूलिंबाची दर साली गळत्यात, पन ह्या साली सहादेवला एकेक पान पडताना कुऱ्हाड दिसायची. फाल्गुन सरत आला. शेजारच्या लिंबाला पालवी आली, आमचा बोडकाच. बनुबाई रोज इचारायची, "फुटलं का रं?" आन् रोज सहादेव मान हलवायचा.

पाडव्याच्या चार दिवस आधी बनुबाई ताटली तोंडाशी धरून वर बघत ऱ्हायली. "सादेवा, माजे डोळे गेल्यात का त्या फांदीला तांबडं काय तरी हाय?"

हुतं. नखाएवढं तांबडं पान.

ओव्हरसियर आला तवा रस्त्यापासनं लांबच्या अंगाचं निम्मं झाड हिरवं झालं हुतं. त्यानं वर बघितलं, टेप गुंडाळली आन् संगतीच्या मान्साला म्हनला, "वळवा." वाळकी बाजू तेवढी कापून नेली. जाता जाता त्यानं मोमो खाल्ले.

आता मला कुनी बांधत न्हाई. असल्या बिनपाठीच्या बाकड्याला कोन चोरतंय? पन माज्या पाठीची कड अजून आतच हाय, आन् साखळीचे तुकडेबी. वारं सुटलं की झाड हलतं आन् मला आत तितं कळ लागल्यासारखं हुतं. मी अर्धा हितं, अर्धा झाडात. सुटून सुटलो न्हाई.

आली बघा तुमची ताटली. खा, पन एक काम करा मित्रांनो. घरी जाताना वाटंतली झाडं बघा. कुनाला जाहिरातीची तार असंल, कुनाला कपड्याची दोरी, कुनाला सायकलची साखळी. तितं थांबा आन् आत चार बोटं घालून बघा. जात असतील तर बरं. न्हाई गेली, तर ज्यानं बांधलं त्याच्या दाराशी जावा आन् सांगा, "काका, झाड वाढलंय, जरा सैल करा."