कारण सांगून मारायचं

सुनेनं मारणं सोडलं होतं, आणि म्हातारीची तक्रार नेमकी तीच होती.

"तीन रविवार झाले," बटणांचा डबा चटईवर उपडा करत तिनं लेकीला सुनावलं, "तुझ्या वहिनीनं मला साधी चप्पल मारली नाही. हात झडले की काय तिचे?"

लेक कसनुसं हसली. "पूर्वी तूच म्हणायचीस ना गं, सून हात उचलते म्हणून?"

"म्हणायचे. अजूनही म्हणेन. पण उचलायचा का सोडला, ते सांग."

ही मारामारी चटईवरची होती. म्हातारीचा नवरा सुतार. चाळीस वर्षांपूर्वी त्यानं उरल्यासुरल्या लाकडाचा लिंबाएवढा फासा केला. बायकोला ना अक्षर ओळखता येत होतं ना आकडा, म्हणून सहा बाजूंना त्यानं चित्रं कोरली. चप्पल पडली की समोरच्याचं एक बटण जायचं, झाडूला दोन, बादलीला तीन. मलम पडलं की गेलेलं एक परत मिळायचं. उशी पडली की गप्प बसायचं. आणि गाढव पडलं की स्वतःच स्वतःला मारून घ्यायचं, वर रेकून दाखवायचं. दहा बटणं संपली की माणूस मेला.

कुणाला मारायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण कारण सांगून. कारण खोटं निघालं तर मार बाद. आणि मार खाणाऱ्यानं 'मेलो, मेलो' असं शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकं ओरडायचं.

बटणं मात्र तिची. शर्टांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं बटणं लावली होती. दोन भोकांचं की चार भोकांचं, हे तिचं बोट डोळ्यांआधी सांगायचं. सुटलेली, टवका उडालेली बटणं ती घरी आणायची. तिची स्वतःची दहा काळी, कोटाची. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

सून लग्न होऊन आली त्याच्या पहिल्याच रविवारी तिनं सासूवर झाडू चालवला होता. कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या आईच्या भांड्यांना तुम्ही पत्रा म्हणालात." म्हातारा हसता हसता ठसकला. म्हातारी घसा फोडून 'मेले गं, मेले' ओरडली आणि मनात म्हणाली, ही टिकेल. तेव्हापासून अकरा वर्षं दोघींचं जे काही व्हायचं ते या फाशावर व्हायचं. आठवडाभर दात-ओठ खायचे, रविवारी जेवणं झाली की हिशेब चुकते. बाहेरच्याला वाटावं, या घरात पोलीस बोलवावा.

आज चौघं बसली होती. लिफ्ट दुरुस्त करणारा लेक, दवाखान्यात केसपेपर लिहिणारी सून, पूर्वी महिन्यातून एकदा येणारी आणि हल्ली दर रविवारी उगवणारी लेक, आणि म्हातारी, भिंतीला पाठ लावून. पाठ टेकल्याशिवाय आताशा तिला बसवत नव्हतं.

लेक पहिल्या फेऱ्यांतच मेली. लेकाकडे दोन बटणं उरली, सुनेकडे चार. म्हातारीकडे नऊ. दहावं गाढवानं खाल्लं होतं, माणसानं नाही.

सुनेनं फासा टाकला. बादली.

शेंबड्या पोरालाही कळावं, आता म्हातारीलाच मारायला हवं. सुनेनं फाशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्हाला. ओला टॉवेल पलंगावर टाकता म्हणून."

"मेलो, मेलो," लेक घाईघाईनं ओरडला आणि सुटल्यासारखा मागे सरकला.

म्हातारीची नजर कपाटाकडे गेली. कपाटावर, सुटकेसखाली एक पाकीट होतं. महिन्यापूर्वी तिच्या तपासण्या झाल्या तेव्हाचं. "थोडा अशक्तपणा आहे, टॉनिक घे," लेक म्हणाला होता आणि बोलताना बुटाची नाडी बांधत बसला होता. पाकीट कुणाकडून वाचून घ्यावं, तर तिचा स्वभाव आडवा यायचा. अंगठा सोडून निदान सही गिरवायला शिकलेल्या बाईनं दुसऱ्यापुढे कागद का धरावा? पण फासा तिला वाचता येत होता.

आणि हा डाव तिनं आधी पाहिला होता. पाहिला कसला, तिनंच खेळला होता. म्हाताऱ्याच्या शेवटच्या महिन्यात तिनं त्याला एकदाही मारलं नव्हतं. झाडू आला की लेकाला, बादली आली की सुनेला. एका रविवारी म्हाताऱ्यानं फासा तिच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं मिटली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. परत तो कधी चटईवर बसला नाही. दमला असेल, असं तेव्हा ती सगळ्यांना सांगत सुटली होती.

"मार बाद," ती म्हणाली.

"आं?"

"कारण खोटं आहे. टॉवेल तो तीन वर्षं दोरीवर घालतोय. ती सवय मी लावलीय, आरडाओरडा करून."

"आई, जाऊ दे ना," लेक म्हणाला. "खेळ तर आहे."

"तू मेलायस. मेलेल्यानं मध्ये बोलायचं नाही." मग तिनं त्याची दोन बटणं त्याच्यापुढे सरकवली. "हं. आता जिवंत झालास, तरी गप्प बस." ती सुनेकडे वळली. "बादली अजून वरच आहे. माझ्यावर टाक. आणि कारण खरं सांग."

लेकीनं, "वहिनी, नको," असं म्हणून पाहिलं, पण आवाज अर्ध्यात विरला.

"टाकतेस की मी चटई गुंडाळू? एकदा गुंडाळली की परत अंथरायची नाही. सांगून ठेवते."

सुनेनं हात पुढे केला. एक काळं बटण उचललं. मग दुसरं. तिसरं निसटलं, तिनं पुन्हा धरलं.

"कारण?"

"अकरा वर्षं रोज भांडायची सवय लावलीत मला," सून म्हणाली, आणि पहिल्यांदा तिनं सासूच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि आता चाललात. डॉक्टर म्हणाले चार महिने. फार तर पाच. हे कारण."

लेक उठून खिडकीपाशी गेली. लेकानं पँटच्या गुडघ्यावरचा ग्रीसचा डाग नखानं खरवडायला घेतला.

म्हातारीनं उरलेल्या बटणांवरून बोट फिरवलं. सहा. सगळी चार भोकांची.

मग नियम होता तो पाळायला तिनं भिंतीवरची पाठ सोडली, जमेल तेवढा श्वास भरला आणि ओरडली, "मेले गं, मेले!" आवाज दारापर्यंतही पोचला नाही. वर खोकला आला. सून पाठ चोळायला धावली, तर म्हातारीनं तिचा हात झटकला.

खोकला थांबेपर्यंत सगळी थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं, फासा उचलला आणि सुनेकडे पाहिलं.

"लपवायला तू अगदीच कच्ची आहेस," ती म्हणाली. "पण हात जड आहे तुझा. मी बसतेय तोवर हलका करायचा नाही."