सोनचाफ्याची नोंद

परेशने वही मागितली तेव्हाच ज्ञानदाने नाही म्हणायला हवं होतं. पण तीन वर्षांत आश्रमातल्या कुणाच्याच नातेवाइकाने तिच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि हा पन्नाशीचा माणूस चक्क खुर्ची ओढून समोर बसला होता. भुलली बिचारी.

कळंबच्या वाटेवरच्या त्या वृद्धाश्रमात ज्ञानदाचं काम म्हणजे विझत चाललेल्या माणसांना थोडं जागं ठेवणं. कुणाच्या हातात सुंभ द्यायचा, कुणाला वाटाणे सोलायला बसवायचं. दर बुधवारी ती चंदनसारहून येताना मसाल्याचा डबा घेऊन यायची. त्याच्या सात वाट्यांत सुके बोंबील, कापूर, ओली माती, कॉफी असलं काहीबाही असायचं. एकेक वाटी एकेकाच्या नाकाशी धरायची आणि कुणाला कशाने काय आठवलं ते वहीत लिहायचं. मार्गारेट सिस्टरना, म्हणजे आश्रम चालवणाऱ्या बाईंना, हा पोरखेळ वाटे. पण महिनाभर न बोललेली माणसं बोंबलाच्या वासाने चटणी कशी वाटायची ते सांगू लागली, तेव्हा त्याही गप्प झाल्या.

सुहासिनीआजी मात्र कशालाच बधल्या नव्हत्या. वय ब्याऐंशी, वटारच्या वाडीतल्या. पोटचा मुलगा परेश समोर बसला तरी ओळख नाही. मग एकदा परेशने वाडीतल्या झाडाची सोनचाफ्याची फुलं आणली. ज्ञानदाने सहज एक फूल पुढे धरलं. आजींनी डोळे उघडले, पदर सारखा केला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "आलात?"

त्यांचे यजमान सदानंदराव जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते हयातभर रोज सकाळी वाडीतून येताना बायकोसाठी एक सोनचाफा आणायचे. ज्ञानदाला त्या दिवशी रडू आलं. उरलेली फुलं तिने डब्यातल्या एका वाटीत घालून ठेवली. दुसऱ्या बुधवारपर्यंत मात्र तिला त्यातली सोय कळली होती. तिने वहीत लिहिलं, 'सोनचाफा दिला की सदानंदराव आले असं वाटतं. साधारण पंधरा मिनिटं. कशालाच नाही म्हणत नाहीत. गोळ्या, आंघोळ, नखं, सगळं होतं.'

परेशने त्या ओळीवर बोट ठेवलं. दोनदा वाचली.

"कशालाच?" त्याने विचारलं.

"कशालाच," ज्ञानदा म्हणाली. तिला अभिमान वाटत होता, काय करणार.

आजींजवळ स्वतःचं असं एकच वाक्य उरलं होतं, ते आश्रमात सगळ्यांना पाठ होतं. वाडीच्या मधोमध एक बावखल होतं, जुनं तळं, ज्याच्या पाण्यावर केळी आणि पानवेली जगल्या. परेशला ते बुजवून तिथे सुट्टीला येणाऱ्यांसाठी बंगल्या बांधायच्या होत्या. वाडी आजींच्या नावावर. स्वतःचं वय विसरलेल्या आजी, परेशने विषय काढला की खणखणीत आवाजात म्हणायच्या, "बावखल बुजवायचं नाही." नवऱ्याला दिलेला शब्द होता तो.

पुढच्या बुधवारी परेश पुन्हा आला. एक फूल पुरतं की दोन लागतात, त्याने विचारलं. शिळं चालतं का. त्याच्यापुढच्या बुधवारी तो पांढरी टोपी घालून आला. आजींच्या पलंगाशी सदानंदरावांचा फोटो होता. त्यातही पांढरी टोपी होती.

"सिस्टर, मला हे लक्षण ठीक दिसत नाही," ती मार्गारेट सिस्टरना म्हणाली.

"इथे वर्षवर्ष कुणी फिरकत नाही, ज्ञानदा. हा आईसाठी टोपी घालून येतो, तर तुला ते खुपतं?"

संशयाला पुरावा नसतो. ज्ञानदाने एवढंच ठरवलं की आता सोनचाफा बंद. पुढच्या बुधवारी तिने सोनचाफ्याची वाटी घरीच ठेवली.

परेश अकरा वाजता आला. टोपी होतीच. बरोबर बॅगवाला एक गृहस्थ होता, त्याने कागद काढले आणि शाईचा पॅड उघडून टेबलावर ठेवला.

"आज नको," ज्ञानदा म्हणाली. "आज आजींना बरं नाहीये."

परेशने खिशातून फूल काढलं आणि आईच्या नाकाशी धरलं.

पदर सारखा झाला. "आलात?"

"आलो. सुहास, हा वाडीचा कागद आहे. अंगठा दे. बावखल बुजवायचंय."

आजींनी हात मागे घेतला. "तुम्हीच म्हणाला होतात, बुजवायचं नाही."

"आता मीच म्हणतोय, बुजवायचं."

"आजी, हे सदानंदराव नाहीत," ज्ञानदा पुढे झाली. "हा परेश आहे. तुमचा मुलगा. देऊ नका अंगठा."

आजींनी तिच्याकडे इतक्या रागाने कधी पाहिलं नव्हतं. "गप गं. ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत."

परेश आवाज न चढवता म्हणाला, "गोळ्या देताना तुम्ही कोण असता, ताई?"

अंगठा शाईत टेकला, मग कागदावर. आजींनी स्वतःहून तो जरा दाबला, नीट उठावा म्हणून. मग त्या विचारू लागल्या, "रागावला नाहीत ना?" तोवर परेश कागदावर फुंकर घालत होता.

नंतर तो आला नाही. वाडीत जेसीबी लागल्याचं वटारच्या दूधवाल्याने सांगितलं. सोनचाफ्याचं झाड राहिलं की गेलं, ते विचारायची हिंमत ज्ञानदाला झाली नाही. आजींचं ते एक वाक्यही गेलं. लोक मुद्दाम बावखलाचं नाव काढून बघायचे. आजी नुसत्या बघत राहायच्या.

मग त्यांनी गोळ्या बंद केल्या. दात घट्ट मिटून बसायच्या. चौथ्या दिवशी रक्तदाब इतका वाढला की डॉक्टरांनी तंबी दिली, काहीही करा पण गोळी पोटात गेली पाहिजे. ज्ञानदाने घरून ती वाटी आणली. तळाशी एक फूल उरलं होतं, करपल्यागत तपकिरी. वास अजून होता.

तिने ते पुढे धरलं. आजींचे डोळे उघडले. पदर सारखा झाला. या वेळी त्यांनी "आलात?" म्हटलं नाही, दाराकडेही बघितलं नाही. शहाण्या मुलीसारखा त्यांनी डावा हात वर केला आणि अंगठा पुढे धरला.

ज्ञानदाच्या दुसऱ्या हातात गोळी होती. आजी वाट बघत होत्या.