दाराबाहेरची ओ

एखाद्याचे गाणे जगापुढे ठेवून त्याचे नाव मात्र झाकलेले राहू देणे, हा हेतू नसला तरी अपराधच होय. पन्नास वर्षांनी का होईना, त्याचे परिमार्जन करण्यासाठी उद्धवगुरुजी पेडगावला कोंडाबाईंच्या अंगणात बाजेवर बसले होते. त्यांची नात मैत्रेयी हिने सोबत आणलेला रेकॉर्ड प्लेअर ओट्यावर मांडला आणि तबकडीवर सुई टेकवली.

आधी नुसती खरखर झाली. मग चुकलेल्या कोकराला साद घालणारा एका तरुण स्त्रीचा आवाज उठला, आणि प्रत्येक सादेमागून दुरून एका पुरुषाची ओ आली.

कोंडाबाईंनी कानावरचा पदर मागे सारला.

“आवाज लय कोवळा हाय. कुणाची पोर म्हणायची ही?”

“आजी, तूच हायस की ती,” त्यांची नात दीपिका हसली.

“मी? मला तर आता मेंढरंबी वळखत न्हाईत.”

पुण्याच्या एका संग्राहकाला ही तबकडी जुन्या बाजारात सापडल्याचे मैत्रेयीने सांगितले. असे जिवाच्या तळातून आलेले गाणे परदेशात ‘सोल’ म्हणून ओळखतात, आणि तो संग्राहक ही तबकडी नव्याने काढणार होता. परंतु लेबलावर केवळ ‘मेंढपाळ स्त्री’ एवढेच छापलेले होते.

ते शब्द गुरुजींचेच. चौऱ्याहत्तर साली जिंतूरच्या एका शाळेत ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा मेंढरे चारीत तिकडे आलेल्या कोंडाबाईंचा फॉर्म तरुण उद्धवरावांनी भरला होता. पूर्ण नाव विचारताच कोंडाबाईंनी मान खाली घातली. पतीचे नाव उच्चारायचे नाही, ही रीत. उंबरठ्याबाहेर जाऊन कुणाला विचारावे, एवढेही कष्ट उद्धवरावांनी घेतले नव्हते.

“माझी चूक झाली, कोंडाबाई. पूर्ण नाव आज दीपिकेकडूनही मिळाले असते. पण ते तुमच्याच मुखातून घ्यावे, म्हणून आलो.”

दीपिका आजोबांचे नाव सांगू लागली, तशी कोंडाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

“मागून ओ द्यायलाय ना, त्ये आमचे मालक. आत यायला लाजले. मेंढरं घेऊन दाराबाहेर हुबे व्हते. मी साद घातली की तितूनच ओ द्यायचे.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्याने पुसत राहिले. ज्याला विचारायला ते दोन पावले गेले नव्हते, तो त्याच गाण्यात होता.

“पोरी, आणखी एक डाव लाव,” कोंडाबाई मैत्रेयीला म्हणाल्या. “अन् गुरुजी, तुमी लिवा. दोगांचीबी नावं. माज्या शेजारी लिवा त्यांचं, खाली नगं.”

मालकांना जाऊन बारा वर्षे झाली होती. कोंडाबाईंनी पदर सावरला, पाठ ताठ केली. तबकडी फिरू लागली, साद उठली.

“येडबा,” त्यांनी मालकांचे नाव उच्चारले. पुटपुटत नव्हे, माळाच्या पलीकडे ऐकू जावे, अशा स्वरात.

तबकडीतून ओ आली.

गुरुजींनी दोन्ही नावे एकाच ओळीत लिहिली आणि कागद कपाळाला लावला. जिथे जिथे ही तबकडी फिरेल, तिथे तिथे या सादेला ओ मिळत राहो.