अर्ध्या शिडीचे वारसदार

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट थंडीची आहे. लांब बसलात तर ऐकतानाच कुडकुडाल. दोन भावांची गोष्ट सांगतो. देवाने दोघांनाही जीभ दिली होती आणि दोघांनी ती नव्या भांड्यासारखी जपून ठेवली होती. वापरायची नाही!

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान, धाकट्याचं कुलपांचं. वडील गेल्यावर सगळ्या वाटण्या गोडीत झाल्या, अडलं ते बाबांच्या शिडीवर. शेवटी या दोन शहाण्यांनी ती मधोमध कापली. आता दोघांच्या घरी अर्धी अर्धी शिडी. कुणाचाच हात माळ्याला पोचत नाही, पण न्याय कसा चोख झाला! त्या दिवसापासून अबोला.

मधली बहीण, ताई, तिचं काम निरोपांचं. आईला दर आठवड्याला इंजेक्शन. ते आणायचं थोरल्याने, तिला दवाखान्यात न्यायचं धाकट्याने, आणि ‘आणलं का, नेलं का’ हे विचारायचं ताईने. मागे ताई तापाने पडली, निरोप राहिला आणि आई जिन्यात भोवळ येऊन कोसळली. पोरं एकाच दवाखान्यात, एकाच बाकावर, भिंतीकडे बघत बसली. आता तर ताईच्या नवऱ्याची बदली झालेली, समुद्रापार. इथे सकाळ तेव्हा तिथे मध्यरात्र. आईचं कसं व्हायचं?

ताईने दोघांना वेगवेगळं सांगितलं, “निरोपाची सहल आहे, तू तरी ये.” सहल म्हणजे नवशिक्यांसाठी नदीतून होडी वल्हवणं, ऐन थंडीत. जाहिरातीत होतं, ‘भीती नाही, घाई नाही.’ थंडी नाही असं मात्र कुणी लिहिलं नव्हतं. तेवढी प्रामाणिक माणसं अजून आहेत.

काठावर दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही एकाच वेळी नदीचं सौंदर्य न्याहाळायला लागले. अंगात इतके स्वेटर, की वर लाइफ जॅकेट चढवल्यावर हात खाली येईनात. उरली होती एकच दोघांची होडी.

“पुढच्याने बघायचं, मागच्याने वळवायचं,” शिकवणारा म्हणाला. “आणि बोलत राहायचं. बाकी नदी सांभाळते.”

ताई शेजारच्या होडीत. निघाले.

“ताई, त्यांना सांग, पुढे दगड आहे,” पुढून धाकटा.

“दादा, पुढे दगड आहे म्हणतोय.”

“चिमणे, त्याला विचार, कुठल्या बाजूला?” मागून थोरला ताईला.

“अरे, कुठल्या बाजूला?”

धडाम्. बाजू समजली.

हा कारभार दोन वळणं चालला. मग ताईने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि तोंड मिटलं. गच्च. समोर पाण्यावर एक जाड फांदी ओणवली होती.

“ताई, त्यांना सांग फांदी!”

ताई गप्प.

“ताई! ऐकू येत नाही का गं?”

गप्प. फांदी जवळ. ताईची बोटं वल्ह्यावर पांढरी पडली, पण ओठ हलले नाहीत.

“दादाऽऽ! डावीकडे घे!”

आता थोरल्याने होडी वळवावी की नाही? पण ‘दादा’ ही हाक कानावर पडली आणि त्याच्या हातातलं वल्हंच गळालं. होडी उलटली. पाणी कंबरेएवढं, पण बर्फासारखं. दोघे दात वाजवत उभे राहिले आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तिथेच मोकळं झालं.

“वळवायला सांगितलं तर वल्हं सोडतोस?”

“आणि शिडी कापायला करवत कुणी आणली होती रे?”

“आणि शिडी धरली कुणी होती?”

शिकवणारा घाबरला. “यांना सोडवू का?”

“हात लावू नका,” ताई म्हणाली. ती हसत होती आणि नाक पुसत होती. “किती दिवसांनी बोलतायत!”

काठावर एकच कोरडं घोंगडं होतं. दोघे त्यात शिरले. थोरला, ताईकडे न बघता, म्हणाला, “आईचं इंजेक्शन मंगळवारी ना? मी आणून ठेवतो, तू सकाळीच ये.”

“येतो. शिडीचा तुकडाही आणतो. जोडून बघू.”

जोडलेली शिडी करकरते, हे सांगून ठेवतो. चढणारे दोघेही जाड.

तर बाबांनो, कधी कुणावर रुसून “तिला सांग, त्याला सांग” म्हणायला तोंड उघडाल, तेव्हा त्या ताईची आठवण ठेवा. जन्मभर दोघांसाठी बोलली, आणि शेवटी त्यांच्याचसाठी, जीव मुठीत धरून, गप्प बसली.