न्योरोचे कामारा

हारूनाकडची माणसं गुंदोताईला मागणी घालायला आली, रीतीप्रमाणे बाबांच्या हातात मागणीच्या कोलाच्या बिया दिल्या आणि चहा संपायच्या आत लग्न ठरवून गेलीसुद्धा. आई मात्र दारातच उभी राहिली.

"एकानंही विचारलं नाही, तुमचं मूळ गाव कुठलं."

"बरंच झालं की!" ताई हसली.

"बरं कसलं? बकरी घेतानासुद्धा ही माणसं चार घरी चौकशी करतात."

आमच्या पणजीला गुलाम म्हणून विकत आणलेलं. मालकांचं कामारा हे आडनाव आम्हालाही चिकटलं, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. पण नदीकाठच्या गावांत कोण कोणाचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मालकांकडच्या लग्नात राबायला आई एकदा नाही म्हणाली, तर आम्हाला विहिरीवर पाणी भरू देईनात. म्हणून आम्ही गाव सोडून सेलिबाबी शहरात आलो. ताई इथल्या दवाखान्यात सुईण. हारूना सौर पंप दुरुस्त करायचा, पण घराणं मोठं.

आईला चैन पडेना. निकाह त्यांच्या गावात सोडून राजधानीत का? आपल्या जुन्या गावच्या कोणाला बोलवू नका, असं हारूना का सांगतो?

मग एका दुपारी त्याची सादियो आत्या लग्नाचं कापड घेऊन आली. जेवताना आईला म्हणाली, "विहीणबाई, न्योरोची आठवण येत असेल, नाही? मौलवींचं एवढं घराणं सोडून मालीतून इकडे आलात!"

आईनं भात पुढे सरकवला. "येते की. कोण म्हणालं तुम्हाला?"

"हारूनाच. आमचा दादा तर नुसता हुरळून गेलाय."

ती गेल्यावर आई ताईकडे वळली. "न्योरो आपण कधी पाहिलंय तरी का? तुला ठाऊक होतं?"

"नाही गं!" ताई म्हणाली, तरी आई तिच्याकडे बघतच राहिली.

हारूनाला बोलावून घेतलं. त्यानं मान खाली घातली. "एकदा लग्न होऊ दे, मग हळूहळू सांगतो. अब्बा ऐकणार नाहीत."

"आणि मूल झालं की त्यालाही न्योरोचंच सांगायचं?" ताई म्हणाली.

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझ्यासाठी नाही. माझी लाज वाटते म्हणून केलंस. वडिलांना खरं सांग, मग ये."

तो गेला. फोन बंद. "आता कसला येतोय," आई रोज म्हणायची. ताई कामावर जायची, घरी येऊन पडून राहायची.

बऱ्याच दिवसांनी तो आला. सोबत पंपाच्या कामावरचे दोन मित्र, घरचं कोणी नाही.

"सांगितलं. अब्बा म्हणाले, माझ्या जनाज्यालाही येऊ नकोस."

आई त्याच्या पाठीमागचा रस्ता न्याहाळत होती. "खरंच सांगितलंस?" असं म्हणत तिनं त्याच्यासमोरच सादियो आत्याला फोन लावला. आत्याचा आवाज अंगणभर ऐकू आला.

"फसवलंत आम्हाला! विहीण म्हटलं मी तुम्हाला, विहीण!"

आईनं फोन ठेवला. "सांगितलंय यानं," ती बाबांना म्हणाली. ताई रडत रडत आत गेली आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

निकाह आमच्याच मोहल्ल्यातल्या मशिदीत झाला. त्याच्याकडून बसायला ते दोन मित्रच होते. वडील अजून बोलत नाहीत. त्याची आई मात्र चोरून फोन करते, सून बरी आहे ना म्हणून विचारते. ताई तिच्याशी मोकळेपणानं बोलते.

आई शेजारी बसून कान देते आणि हळूच विचारते, "आता काय हवंय हिला?"